आकाशाची वाट आणि दोनशे तासांचा हिशेब

संस्थेच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा निरोप आला तेव्हा शाळेच्या जुन्या आठवणी लिहाव्यात, असेच प्रथम मनात आले. पत्र्याच्या खोल्या, पहाटेची वंदना, एका ताटात दोघांनी जेवून काढलेले दुष्काळाचे दिवस, हे सारे लिहिण्याजोगे आहे. परंतु ते लिहिणारे अनेक माजी विद्यार्थी या अंकात आहेत आणि त्यांनी ते दिवस आमच्यापेक्षा जवळून भोगले आहेत. आम्ही मात्र या निमित्ताने असा एक विषय मांडू इच्छितो, जो वीस वर्षांपूर्वी या आवारात कोणी काढला असता तर हसण्यावारी गेला असता. विषय आहे वैमानिक होण्याचा. आणखी नेमके सांगायचे तर, ज्यांच्या हाती परवाना आहे पण उड्डाणाचा अनुभव तुटपुंजा आहे, अशा आपल्या मुलामुलींनी परदेशात नोकरी शोधण्याचा.

गेल्या पावसाळ्यात एके संध्याकाळी आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील घरी आले. फुलंब्री तालुक्यातलेच गाव. छत्री दाराशी ठेवून ते बसले, पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लिफाफा काढला आणि म्हणाले, "जय भीम सर. पोराला परदेशात विमानावर घेतायत. पंधरा दिवसांत अठरा लाख भरायचेत. राहिलेला एक एकर काढावा की नाही, तेवढं सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो."

त्या लिफाफ्यात एका एजंटाने धाडलेला कागद होता. आग्नेय आशियातील एका विमान कंपनीत सहवैमानिकाची जागा, प्रशिक्षणाचा खर्च उमेदवाराने भरावयाचा, रक्कम परत मिळणार नाही, अशा अर्थाचा मजकूर इंग्रजीत होता. पगार किती, हे कोठेही नव्हते. नोकरी किती महिन्यांची, हेही नव्हते. रक्कम कोणत्या दिवशी आणि कोणत्या खात्यात भरावयाची, हे मात्र ठळक अक्षरांत होते.

या मुलाच्या वडिलांकडे तीन एकर होते. दोन एकर त्याच्या प्रशिक्षणासाठी गेले होते आणि वर बँकेचे कर्ज होते. आता तिसऱ्या एकराचा प्रश्न होता. ही जमीन कशी आली, हे आम्हांला ठाऊक आहे. इतिहासाचा शिक्षक म्हणून ते विसरणे आम्हांला शक्यही नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. त्या लढ्यांत मराठवाड्यातील आपल्या माणसांनी बायकापोरांसह तुरुंग भरले. ज्या समाजाने जमिनीच्या तुकड्यासाठी तुरुंग पत्करला, त्याच समाजाचा नातू आज आकाशासाठी ती जमीन विकतो आहे. यात वाईट काही नाही. पूर्वजांनी जमीन मिळवली ती नातवंडांनी तिला जखडून राहावे म्हणून नव्हे. मात्र जमीन देऊन जे घ्यायचे ते खरोखर हाती येते का, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. ते कर्तव्य आम्ही पार पाडले नाही, याची कबुली या लेखात द्यावयाची आहे.

कबुली अशी. या मुलाला व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला तेव्हा आम्ही त्याचा सत्कार केला. जयंतीच्या कार्यक्रमात त्याला व्यासपीठावर बसवले, शाल दिली, "आपला पहिला पायलट" असा फलक लावला. भाषण आम्हीच केले. त्या भाषणात आम्ही बाबासाहेबांचा उल्लेख केला, आकाशाचा केला, पंखांचा केला. मात्र "बाळ, आता पुढे काय?" हा एक प्रश्न आम्ही त्याला विचारला नाही. परवाना म्हणजेच नोकरी, असे आम्ही धरून चाललो. त्यानंतरच्या दोन जयंतींना तो गावी आलाच नाही. का आला नाही, हे त्याच्या वडिलांनी त्या संध्याकाळी सांगितले: "लोक विच्यारतात ना सर, कोणत्या विमानावर आहे म्हणून." आमच्या सत्काराने त्याची परतीची वाट अडवली होती. एजंटाने ज्या घाईचा फायदा घेतला, त्या घाईत आमच्या शालीचाही एक धागा होता.

म्हणून हा हिशेब मांडणे अगत्याचे वाटते.

भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना नागरी विमानवाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, देते. त्यासाठी किमान वय १८ वर्षे, बारावीला भौतिकशास्त्र व गणित, प्रथम श्रेणीची वैद्यकीय पात्रता, दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक विषयांच्या लेखी परीक्षा, आणि किमान २०० तासांचे उड्डाण लागते. या २०० तासांपैकी किमान १०० तास विमानाची सूत्रे स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळलेली असावी लागतात. हे सारे बहुधा एका इंजिनाच्या, दोन-चार आसनांच्या छोट्या विमानावर होते. खर्च आजच्या घडीला साधारण ४५ ते ६० लाखांच्या घरात जातो. यानंतर ज्या मोठ्या विमानावर नोकरी करावयाची, त्या विशिष्ट विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. त्याचे पुन्हा पंधरा-वीस लाख. विमान कंपन्यांनी प्रायोजित केलेल्या प्रशिक्षणक्रमांचा एकूण खर्च तर एक कोटीच्याही पुढे जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोनशे तास ही परवान्याची अट आहे. विमान कंपनीचा कप्तान होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो त्याला १,५०० तास लागतात. दोनशे आणि पंधराशे यांच्यामध्ये १,३०० तासांची दरी आहे. श्रीमंत घरचा मुलगा ती दरी थांबून, पैसे घालून, ओळखीच्या बळावर ओलांडू शकतो. आपल्या मुलाला थांबणे परवडत नाही, कारण कर्जाचा हप्ता थांबत नाही. शिवाय परवाना कपाटात ठेवण्याची वस्तू नाही. वैद्यकीय तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, उपकरणांच्या आधारे उड्डाण करण्याची पात्रता दरवर्षी नव्याने सिद्ध करावी लागते, आणि त्यासाठी विमानाचे तास विकत घ्यावे लागतात. घरी बसलेल्या वैमानिकालाही खर्च असतोच.

मग नोकऱ्या नाहीत काय? आहेत. भारत हा असा देश आहे, जेथे दोनशे तासांचा नवखा वैमानिक टाइप रेटिंग घेऊन थेट मोठ्या प्रवासी विमानात सहवैमानिक म्हणून बसू शकतो. २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा वैमानिकांचा तुटवडा पडणार, अशा बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. परंतु ही विमाने येण्यास वर्षे लागतात. २०१९ साली डीजीसीएने ७४४ व्यावसायिक परवाने दिले होते, २०२३ साली १,६२२ दिले. परवाने चार वर्षांत दुप्पट झाले. मध्यंतरी किंगफिशर २०१२ साली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. प्रत्येक वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक रस्त्यावर आले आणि नवख्यांच्या पुढे रांगेत उभे राहिले. तुटवडा आहे तो अनुभवी कप्तानांचा. नवख्या परवानाधारकांची तर रांग लागली आहे. वर्तमानपत्रातील "तुटवडा" हा शब्द वाचून घरची जमीन काढणाऱ्या पालकांना हा भेद कोणी सांगत नाही.

येथूनच परदेशाचा विचार सुरू होतो. परदेश म्हणजे एकच दार आहे, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात दारे वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचे कुलूप निराळे आहे.

अमेरिकेचे कुलूप तासांचे आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफलो शहराजवळ एका प्रादेशिक कंपनीचे विमान कोसळून ५० माणसे दगावली. त्यानंतर तेथील संसदेने २०१० साली कायदा केला आणि २०१३ पासून विमान कंपनीतील सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १,५०० तासांची अट लागू झाली. लष्करातून आलेल्यांना आणि विशिष्ट पदवीधरांना थोडी सवलत आहे, इतकेच. गंमत अशी, की त्या दुर्दैवी विमानाच्या दोन्ही वैमानिकांचा अनुभव १,५०० तासांहून अधिक होता. तथापि कायदा तो कायदा. अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन दोनशे-अडीचशे तासांवर तेथेच विमान कंपनीत नोकरी मिळेल, असे जो सांगतो तो एक तर अज्ञानी आहे किंवा अप्रामाणिक.

युरोपचे कुलूप निराळे. तेथे दोनशे तासांच्या नवख्यांना कंपन्या घेतात. परंतु त्यांना युरोपचा परवाना लागतो, त्यासाठी १३ विषयांच्या लेखी परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात, आणि मुख्य म्हणजे तेथे राहून काम करण्याचा कायदेशीर हक्क लागतो. अडचण तासांची नाही, पासपोर्टची आहे. आखाती देशांतील मोठ्या कंपन्या परदेशी उमेदवारांकडून मोठ्या विमानावरील भरपूर अनुभव मागतात. नवख्यांसाठी त्यांचे जे वर्ग असतात ते मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या नागरिकांसाठी असतात. आपल्याकडचे जे कप्तान तिकडे गेले, ते येथे अनेक वर्षे उडवून गेले. त्यांच्या उदाहरणावरून नवख्याने अनुमान काढणे म्हणजे मुख्याध्यापकाचा पगार पाहून डी.एड.च्या विद्यार्थ्याने कर्ज काढण्यासारखे आहे.

आफ्रिकेत एक खरे दार आहे, पण ते अरुंद आहे. बोत्स्वानात मौन नावाचे गाव आहे. ओकावांगोच्या पाणथळ प्रदेशात पर्यटकांना नेणाऱ्या छोट्या विमानांचे ते केंद्र. थोड्या तासांचे तरुण वैमानिक जगभरातून तेथे जातात, स्वखर्चाने राहतात, कंपन्यांची दारे स्वतः ठोठावतात आणि वाट पाहतात. कोणाला काम मिळते, कोणी रिकाम्या हाताने परततो. कामाचा परवाना मिळवणे सोपे नाही, कारण प्रत्येक देश आधी आपल्या नागरिकांना काम देतो, आणि ते योग्यच आहे. तेथे काम मिळालेला मुलगा कच्च्या धावपट्ट्यांवर दिवसातून अनेकदा उतरतो आणि खरा वैमानिक होतो. मात्र महिनोन्महिने थांबण्याइतकी शिदोरी ज्याच्यापाशी आहे, त्यालाच हे परवडते.

उरले ते दार, जे त्या लिफाफ्यात होते. विमान उडवण्यासाठी वैमानिकानेच कंपनीला पैसे द्यावयाचे. जगभर ही पद्धत चालत आली आहे आणि जगभर तिच्यावर टीकाही झाली आहे. नवखा मुलगा लाखो रुपये भरतो, काहीशे तास सहवैमानिकाच्या आसनावर बसतो, आणि तास संपले की त्याच्या जागी दुसरा पैसे भरणारा येतो. हे काही वेळा कायदेशीर असते, तास खरेही असतात. तरीही यात नोकरी कोठे आहे? मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि ऊसतोडीला जातो, हे आपण मराठवाड्यात पाहिले आहे. येथे तर मजुरानेच मुकादमाला उचल द्यावयाची! वेठबिगारी नाकारून, महारवतन नाकारून ज्या समाजाने मान वर केली, त्याच्या मुलाने गणवेश घालून फुकट राबावे आणि वर पैसे मोजावेत, हे आम्हांला मान्य होत नाही.

तथागतांनी कालामांना दिलेला उपदेश आपण वंदनेनंतर मुलांना अनेकदा सांगतो. कोणी सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून, बोलणारा मोठा आहे म्हणून मानू नका. स्वतः पारखून पाहा. हा उपदेश केवळ देव आणि कर्मकांड यांच्यापुरता नाही, एजंटाच्या कागदालाही तो लागू आहे. त्या संध्याकाळी आम्ही त्या वडिलांसमोर कागद ठेवला आणि काही प्रश्न लिहून काढले. प्रत्येक पालकाने ते आपल्यापाशी ठेवावेत. ही जागा कंपनीच्या स्वतःच्या अधिकृत भरतीत जाहीर झाली आहे काय? एजंटाला वगळून कंपनीला थेट पत्र लिहिले तर उत्तर येते काय? त्या देशाची हवाई वाहतूक यंत्रणा भारतीय परवाना मान्य करते काय, की नव्या परीक्षा आहेत? कामाचा व्हिसा कोण काढणार, आणि तो पर्यटकाचा तर नाही ना? परदेशी नोकरीला लावणाऱ्या एजंटाला भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. याची नोंदणी आहे काय? पगार किती, करार किती महिन्यांचा, आणि तास पूर्ण झाल्यावर पुढे काय? नोकरी मिळाली नाही तर पैसे परत मिळणार काय? आणि तेथे मिळवलेले तास परत आल्यावर डीजीसीए मान्य करील, अशा रीतीने त्यांची नोंद होणार काय?

या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्या कागदात नव्हते. मुलाने कंपनीला थेट लिहिले. अशी कोणतीही भरती आम्ही या एजंटामार्फत करीत नाही, असे चार ओळींचे उत्तर आले. एक एकर वाचला.

येथवर वाचून कोणी म्हणेल, "मग आपल्या मुलांनी असल्या महागड्या वाटेला जाऊच नये. तलाठी व्हावे, शिक्षक व्हावे." हा सूर आम्हांला मुळीच मान्य नाही. हाच सूर आपल्याला पिढ्यान् पिढ्या ऐकवला गेला. १९२० हे साल आठवा. त्या वर्षी बाबासाहेब दुसऱ्यांदा लंडनला निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील बेसी कोलमन नावाची एक कृष्णवर्णीय तरुणी फ्रान्सला निघाली. शिकागोत लोकांची नखे साफ करण्याचे काम ती करीत असे. कृष्णवर्णीय आणि त्यातून स्त्री, म्हणून अमेरिकेतील एकाही उड्डाण शाळेने तिला घेतले नाही. तिने फ्रेंच भाषा शिकली, पैसे साठवले, शिकागोच्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांचे साहाय्य घेतले आणि १५ जून १९२१ रोजी फ्रान्समध्ये वैमानिकाचा आंतरराष्ट्रीय परवाना मिळवला. मायदेशी परतल्यावर, जेथे काळ्या प्रेक्षकांना वेगळ्या दाराने आत घेतले जाई, तेथे विमानाचे खेळ करण्यास तिने नकार दिला. आपल्या लोकांसाठी उड्डाण शाळा काढावी, हे तिचे स्वप्न होते. १९२६ साली अपघातात तिचा अंत झाला तेव्हा ते अपुरे होते. पुढे तिच्या लोकांनी तिच्या नावाने संस्था काढल्या आणि ते पुढे नेले.

दुसरे उदाहरण न्यायालयातले. मार्लन ग्रीन हे अमेरिकी हवाई दलातील कृष्णवर्णीय वैमानिक. त्यांच्यापाशी तीन हजारांहून अधिक तासांचा अनुभव होता. १९५७ साली कॉन्टिनेंटल एअरलाइन्सकडे अर्ज करताना त्यांनी वंशाचा रकाना कोरा ठेवला आणि छायाचित्र लावले नाही, म्हणून मुलाखतीला बोलावणे आले. प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र त्यांच्याहून कमी तासांच्या गोऱ्या उमेदवारांना घेण्यात आले. ते न्यायालयात गेले. २२ एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि अखेर ते त्याच कंपनीत वैमानिक झाले. तास मोजण्याचे माप सर्वांना सारखे लावले जात नाही, हे या खटल्याने जगापुढे ठेवले.

या दोघांच्या वाटचालीत आणि बाबासाहेबांच्या वाटचालीत एक समान धागा आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. ते खचले नाहीत, आणि मिळेल त्या सावकाराच्या दारीही गेले नाहीत. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० साली राहिलेला अभ्यास पुरा करण्यास परत गेले. शिकवून मिळवायचे, साठवायचे आणि अर्धी राहिलेली वाट पुरी करायची. दोनशे तासांवर अडकलेल्या प्रत्येक मुलाने हा प्रसंग भिंतीवर लिहून ठेवावा. अर्धवट परतणे म्हणजे पराभव नव्हे.

आणखी एक गोष्ट. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडून वार्षिक तीन लाखांची तरतूद मिळवली आणि त्यातून आपली मुले तांत्रिक शिक्षणासाठी परदेशी गेली. महागडे शिक्षण गरिबाने जमीन विकून घ्यावे, असे त्यांनी म्हटले नाही. राज्याने त्याचा भार उचलावा, असे म्हटले. आज आपण ही मागणी पुरेशा जोराने करीत नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या अभ्यासासाठी आहे. वैमानिकाचे प्रशिक्षण तिच्या चौकटीत बसत नाही. महाज्योती संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत इतर मागास व भटक्या-विमुक्त समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वैमानिक प्रशिक्षणाची योजना आखली. गुजरातेत अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना या प्रशिक्षणासाठी शासनाचे अल्प व्याजाचे कर्ज मिळते. बार्टीमार्फत अशी योजना कायमस्वरूपी आणि पुरेशा जागांसह चालावी, आणि तीत टाइप रेटिंगचाही खर्च असावा, ही आमची स्पष्ट मागणी आहे. दोनशे तासांवर नेऊन सोडणारी योजना म्हणजे अर्ध्या नदीपर्यंत बांधलेला पूल. हेही विसरू नये, की २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया खासगी मालकीत गेली आणि तिच्याबरोबर नोकरभरतीतील आरक्षणही गेले. एका राष्ट्रीय विमान कंपनीचे दार आपल्यासाठी बंद झाले, आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्याची वार्ताही नव्हती.

शासनाकडे मागणी करीत असताना आपल्या हातचे आपण केले पाहिजे. प्रथम, ज्याला वैमानिक व्हावयाचे आहे त्याने एक रुपयाही भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डोळ्यांचा वा कानांचा दोष लाखो रुपये भरल्यावर कळण्यात शहाणपण नाही. दुसरे, अकरावीला भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नये, आणि इंग्रजी बोलण्याची भीती आठवीतच मोडावी. जगभरच्या आकाशात वैमानिकाला ठरावीक पातळीचे इंग्रजी आलेच पाहिजे. तिसरे, बिनखर्चाची वाट आधी पाहावी. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून हवाई दलात जाणाऱ्याचे प्रशिक्षण सरकारी खर्चाने होते. तिच्या प्रवेशासाठी मुलांची तयारी करून घेणारी राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आपल्या छत्रपती संभाजीनगरात आहे, फुलंब्रीपासून तासाभराच्या अंतरावर. आपली किती मुले तेथे गेली? मुलींसाठीही प्रबोधिनीचे दार २०२२ पासून उघडले आहे. भारतात विमान कंपन्यांतील वैमानिकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १५ टक्के आहे आणि जगात ते ५ टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्या मुलींनी हे ध्यानात घ्यावे.

चौथे, विमानतळावर केवळ वैमानिक नसतो. हवाई वाहतूक नियंत्रकाची भरती भारतीय विमानतळ प्राधिकरण करते. भौतिकशास्त्र-गणितासह विज्ञानाची पदवी त्यासाठी चालते, प्रशिक्षण प्राधिकरणच देते आणि तेथे आरक्षण आजही लागू आहे. विमान देखभाल अभियंत्याचा परवाना वैमानिकाच्या मानाने पुष्कळच कमी खर्चात मिळतो. पाचवे, ज्याच्यापाशी दोनशे तास आहेत त्याने साहाय्यक उड्डाण प्रशिक्षकाची पात्रता मिळवण्याचा विचार करावा. शिरपूर, बारामती, गोंदिया, नागपूर, धुळे अशा ठिकाणी महाराष्ट्रातच उड्डाण प्रशिक्षण चालते. दुसऱ्याला शिकवताना जे तास मिळतात ते आपल्याच खात्यात जमा होतात, आणि पैसे भरावे लागण्याऐवजी पैसे मिळतात. परदेशाची वाट या तासांनंतर अधिक सन्मानाने चालता येते.

आणि सहावे, माजी विद्यार्थ्यांना उद्देशून. आपल्यापैकी काही जण आज बँकेत आहेत, काही वकील आहेत, काही परदेशात आहेत. संस्थेच्या नावे एक छोटे सल्लागार मंडळ असावे. कोणत्याही महागड्या प्रशिक्षणासाठी जमीन वा घर काढण्यापूर्वी पालकांनी कागद त्या मंडळाला दाखवावा. करार वकिलाने वाचावा, कर्जाचा हिशेब बँकेतल्याने करावा, परदेशातील नियम तेथे असलेल्याने तपासावेत. त्याबरोबर एक निधी असावा, ज्यातून वैद्यकीय तपासणी, परीक्षा शुल्क, पात्रतेचे नूतनीकरण अशा मधल्या काळातील खर्चासाठी बिनव्याजी रक्कम मिळेल. साठ लाख आपण कोणाला देऊ शकणार नाही. परंतु साठ लाख बुडण्यापासून एखाद्या घराला वाचवू शकू. सत्काराला जमतो त्या वर्गणीच्या निम्म्या वर्गणीत हे होण्यासारखे आहे.

तो मुलगा आता कोठे आहे, असे वाचकांना वाटेल. तो अजून विमान कंपनीत नाही. एका शहरात वैमानिकाच्या लेखी परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या वर्गात तो दिशादर्शन आणि हवामानशास्त्र शिकवतो, त्या पगारातून कर्जाचा हप्ता भरतो, आणि प्रशिक्षकाच्या पात्रतेसाठी पैसे साठवतो. यंदाच्या जयंतीला तो गावी आला. आम्ही त्याला शाल दिली नाही. दुसऱ्या दिवशी वसतिगृहात घेऊन गेलो आणि अकरावीच्या मुलांसमोर उभे केले. त्याने फळ्यावर वाऱ्याची दिशा आणि विमानाची दिशा यांचा त्रिकोण काढला आणि दोन तास गणित शिकवले. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने त्याला विचारले, "दादा, एकूण किती खर्च येतो?" त्याने काहीही न लपवता सगळे आकडे सांगितले. ते आकडे ऐकूनही ती मुलगी वहीत लिहून घेत होती.

त्या वहीसाठी आपण काय करणार आहोत, हे या स्मरणिकेच्या वाचकांनी ठरवावे.

नमो बुद्धाय! जय भीम!